गेम खेळत गिटार शिकताना : लातूरच्या क्लासमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर माझा गिटारचा क्लास आहे. खाली न्यूटनचे नियम चालू असतात, वर ई मायनर. अलीकडं क्लासला येणाऱ्या निम्म्या मुलांनी आधी मोबाइलवर गिटारचा एखादा गेम खेळलेला असतो. उरलेल्यांचे आईवडील फोन करून विचारतात, तो खेळू द्यावा का? निलंगा, उदगीर, गंगाखेड, परळीहून व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्नही बहुतेक तेच. रोज तेच ते टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच इथं लिहून ठेवतो. कुठल्याही ॲपकडून मला कमिशन मिळत नाही. मिळत असतं तर क्लासला एव्हाना एसी बसला असता.

गेम खेळून गिटार खरंच येते का?

अर्धी येते. कुठली अर्धी, ते कळलं तर गेमसारखा स्वस्त मास्तर नाही. नाही कळलं तर माझ्यासारखं होतं.

कॉलेजात असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर मी रॉकस्मिथ खेळायचो. खरी इलेक्ट्रिक गिटार केबलनं कॉम्प्युटरला जोडायची, पडद्यावर रंगीत पट्ट्या अंगावर येतात, त्या वेळेवर वाजवायच्या. एका गाण्यात मी शंभरातले छप्पन्न, मग ऐंशी, मग शहाण्णव टक्के काढले. त्याच तोऱ्यात गावी गणपतीच्या मांडवात गिटार घेऊन बसलो. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि हात थांबला. बोटं दुखत नव्हती, भीतीही फारशी नव्हती, पण समोरून पट्ट्या येत नव्हत्या. पुढं काय वाजवायचं ते माझ्या डोक्यात नव्हतंच, ते पडद्यात होतं. समोर बसलेले मामा म्हणाले, "काय रे, चार्जिंग संपलं का?" अजून घरात कुणी काही विसरलं की हेच वाक्य निघतं.

गेम दोन गोष्टी फार छान शिकवतो : बोट कुठं ठेवायचं आणि कधी ठेवायचं. तार दाबल्यावर आवाज कसा निघाला, मनगट किती आखडलं आणि पुढची ओळ पाठ आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते तुम्हाला किंवा तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला बघावं लागतं. या पानावरची बाकीची बरीच उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात.

नेमके कुठले गेम? सगळे सारखेच का?

सारखे अजिबात नाहीत. मी त्यांचे तीन ढीग करतो.

पहिला ढीग प्लॅस्टिकच्या गिटारचा. २००५ साली गिटार हीरो आला. त्यात तारा नव्हत्याच. पाच रंगीत बटणं आणि स्ट्रम करायला, म्हणजे तारांवरून हात फिरवल्यासारखं करायला, एक खटका. मजा भरपूर, पण त्यातून शिकायला मिळते ती फक्त लय. तीही कमी नाही, हे आधीच सांगतो. मात्र त्यावरून कुणी खऱ्या गिटारवर आलं की पहिल्या दिवशी रडकुंडीला येतं.

दुसरा ढीग खऱ्या गिटारचा आवाज ऐकणाऱ्या गेमचा. रॉकस्मिथ २०११ मध्ये आला, आणि २०२२ पासून तो रॉकस्मिथ प्लस या नावानं वर्गणीवर मिळतो. त्यात प्रत्येक तारेला रंग आहे : जाड तारेपासून मोजलं तर लाल, पिवळा, निळा, नारिंगी, हिरवा, जांभळा. मोबाइलवर जास्त चालतात ती युझिशियन आणि सिम्पली गिटार. युझिशियन हे फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या कंपनीचं आहे. तुमच्यापैकी बरेच जण तार लावायला वापरतात ते गिटारट्यूनाही त्यांचंच. ही ॲप मोबाइलच्या माइकमधून ऐकतात, त्यामुळं साधी अकॉस्टिक (वीज न लागणारी, पोकळ लाकडी) गिटार चालते.

तिसरा ढीग छोट्या खेळांचा, आणि माझा जीव याच्यावर आहे. एक सूर वाजतो, तो ओळखा. गिटारच्या नेकवर (लांब दांड्यावर) एक ठिपका येतो, त्याचं नाव सांगा. म्युझिकथिअरी डॉट नेट या साइटवर असे सराव फुकट आहेत. दिसायला अगदी रूक्ष. ना टाळ्या, ना फटाके. पण एसटीत लातूर ते अंबाजोगाई जाताना हेडफोन लावून खेळलात तर महिन्याभरात कान बदलतो. आणि यासाठी हातात गिटार लागत नाही.

"ऑनलाइन गेम" म्हटलं की घरचे घाबरतात. आबांना काय सांगू?

आबांचं घाबरणं चूक नाही. रमीत आणि सट्ट्यात आपल्या भागातल्या किती घरांची वाट लागली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना एवढंच दाखवा की या गेममध्ये पैसे लावायचे नसतात आणि जिंकायचेही नसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. शिकण्यासाठी खेळायचे गेम त्या बंदीत येत नाहीत. इथं खर्च होतो तो वर्गणीचा. त्याबद्दल खाली लिहिलंय, ते मात्र आबांनाही वाचून दाखवा.

आणि एक उपाय लगेच लागू पडतो : दार उघडं ठेवून खेळा. गिटारचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला की आठवड्याभरात घरचेच सांगतात, "आज नाही वाजवली का?"

आधी गेम डाऊनलोड करू की आधी गिटार घेऊ?

कानाचे खेळ आज सुरू करा. बाकी गिटार आल्यावर. गिटार नसताना गिटारचा गेम खेळणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहायचे हात मारणं.

गिटार कितीची घ्यावी?

साधारण पाच ते आठ हजारांत शिकण्याजोगी अकॉस्टिक मिळते. त्याहून स्वस्त मिळतेच, पण बऱ्याचदा तिच्या तारा नेकपासून एवढ्या उंच असतात की दाबताना बोट कापतं, आणि पोरगं "मला जमत नाही" म्हणून सोडून देतं. जमत नसतं ते गिटारला. नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी पाडलेलं एकेक घर म्हणजे फ्रेट, मोजायचं डोक्याकडून. दुकानात गेलात की बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या पट्टीमध्ये किती फट आहे ते बघा. अडीच-तीन मिलिमीटरच्या वर असेल तर दुकानदाराला कमी करून द्यायला सांगा. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटवर दाबून मोबाइलच्या ट्यूनरवर (तार लावायच्या ॲपवर) बघा. मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर यायला हवा. तो भलताच दाखवत असेल तर ती गिटार गेममध्ये जन्मभर चुकाच दाखवणार. ऑनलाइन मागवली तर हे तपासणं घरी करा, तेही परत करायची मुदत संपायच्या आत.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ लागते. लहान मुलांना आणि मोठ्या वयात सुरू करणाऱ्यांना मी तीच सुचवतो.

सर, मी बरोबर वाजवतोय तरी गेम चूक दाखवतो. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कारणंही बरीच आहेत, म्हणून जरा निवांत वाचा.

पहिलं कारण नेहमी तार उतरलेली असणं. आपल्याकडं मे महिन्यात सकाळी आणि दुपारी इतका फरक पडतो की सकाळी आठला लावलेली गिटार दुपारी दोनला बेसूर असते. गेम उघडायच्या आधी दर वेळी तारा लावा. दर वेळी म्हणजे दर वेळी.

दुसरं कारण कूलर. हसू नका. परभणीची एक विद्यार्थिनी महिनाभर तक्रार करत होती की तिनं वाजवलं नसतानाही गेम सूर लागल्याचं दाखवतो. व्हिडिओ कॉलवर बघितलं तर मोबाइल कूलरच्या समोरच उभा केलेला. पंख्याची घरघर माइकमधून जात होती आणि बिचारा गेम त्यातून सूर शोधत बसला होता. कूलर बंद करणं एप्रिलात शक्य नाही, हे मला कळतं. मग मोबाइल गिटारच्या जवळ, हातभर अंतरावर आणा आणि त्याची पाठ कूलरकडं करा. माझ्या क्लासमध्ये मोबाइल एका मोठ्या स्टीलच्या डब्यावर ठेवलेला असतो, त्यामुळं तो डोळ्यांच्या रेषेत येतो आणि मान वाकत नाही. डब्याखाली रुमाल घाला, नाहीतर डबाच गुणगुणायला लागतो.

तिसरं कारण ब्लूटूथ, आणि यात मी स्वतः फसलोय. एका मुलाला मी चार दिवस "तू मागं पडतोस, लय धर" म्हणून झापत होतो. पोरगा बरोबर होता. गाणं ब्लूटूथ स्पीकरवर चालू होतं, आणि ब्लूटूथवर आवाज पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सादेखील सहज लागू शकतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे मुलगा जवळपास अर्धा ठोका उशिरानंच ऐकत होता आणि त्यावर इमानदारीत वाजवत होता. मी त्याची माफी मागितली आणि दुकानातून साधे वायरचे हेडफोन आणले. ब्लूटूथ बंद करा. बहुतेक गेममध्ये हा उशीर मोजून दुरुस्त करायची सेटिंग असते, ती पहिल्याच दिवशी करून घ्या.

चौथं कारण जाड तार. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, सगळ्यात पातळ सुमारे ३३०. सूर ओळखायला ॲपला काही कंपनं पूर्ण ऐकावी लागतात. जाड तारेचं एकच कंपन बारा मिलिसेकंद घेतं, त्यामुळं तिचा सूर ओळखायला उशीर लागतो. त्यात मोबाइलचा माइक खर्जाला कच्चा. जाड तारेवर गेम चुकवत असेल तर जोर वाढवू नका, माइक जवळ आणा.

इलेक्ट्रिक गिटार कॉम्प्युटरला जोडली आणि गुंईं असा आवाज येतोय, तारांना हात लावला की तो कमी होतो? मग घरातलं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे हमखास सापडतं. हा प्रश्न संगीताचा नाही, वायरमनचा आहे. आणि हाताला झिणझिण्या येत असतील तर वायरमन येईपर्यंत गिटार जोडूच नका.

गेममध्ये ए, डी, जी असं लिहून येतं. आमच्याकडं पांढरी-काळी चालते. कसं जुळवायचं?

हा प्रश्न विचारणारी मुलं मला फार आवडतात, कारण त्यांच्या घरात पेटी असते. पांढरी एक म्हणजे सी. तिथून पांढऱ्या पट्ट्या ओळीनं मोजा : दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प. आता गिटारच्या मोकळ्या तारा जाडीकडून पातळ तारेकडं : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन, पहिलीपेक्षा दोन सप्तकं वरची.

म्हणजे ट्यूनर ॲप नसलं तरी आजोबांच्या पेटीवर गिटार लावता येते. मी तर म्हणतो आठवड्यातून एकदा तशीच लावा. ट्यूनरची हिरवी रेघ डोळे बघतात. पेटीशी तार जुळवताना कानालाच काम करावं लागतं.

माझ्या मुलाला सगळ्या धड्यांत तीन स्टार मिळालेत. आता पुढची लेव्हल?

लातूरचे पालक आहात, प्रश्न साहजिक आहे. ज्या गावात टक्केवारीवर पेढे वाटले जातात, तिथं मुलं गेमच्या स्टारकडंही बोर्डाच्या मार्कांसारखंच बघणार.

उदगीरहून शनिवारी येणारा एक मुलगा असाच, सगळीकडं तीन स्टार. मी त्याचा मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणालो, जी कॉर्ड (एकत्र वाजवायच्या सुरांचा गट) धर आणि एकेक तार वेगळी वाजव. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, छान. पाचवी ठीक. चौथी मुकी. तिसरी, दुसरी छान. पहिली झरझर करतेय. चौथी मुकी होती कारण पाचव्या तारेवरच्या बोटाचं पोट तिला टेकत होतं. पहिली झरझरत होती कारण करंगळी फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून असायच्या ऐवजी दोन पट्ट्यांच्या मधोमध होती. सहापैकी दोन तारा गेलेल्या, तरी गेमनं कॉर्ड पास केलेली. त्यात गेमची लबाडी नाही. गोंगाटात, स्वस्त माइकवर शिकणाऱ्याचा हिरमोड होऊ नये म्हणून कॉर्ड तपासताना असे गेम बऱ्याचदा हात सैल ठेवतात. पेपर तपासणारा दयाळू निघाला, एवढंच.

म्हणून पुढच्या लेव्हलला जायच्या आधी घरी तीन गोष्टी करून घ्या. कॉर्ड धरून सहाही तारा एकेक वाजवा. मग गेमचा आवाज आणि पडदा दोन्ही बंद करून तोच धडा पायानं ठेका देत वाजवा. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी नको, त्या दिवशी आपल्याला आपलं सगळंच गोड लागतं. हे जमलं तर खुशाल पुढं जाऊ द्या.

रोज किती वेळ आणि कसा?

अर्धा तास पुरतो, पण रोज. रविवारी चार तास बसून उरलेले सहा दिवस गिटार खुंटीला, हे चालत नाही.

पहिली पाच मिनिटं तारा लावणं आणि बोटं मोकळी करणं. पुढची पंधरा गेम. शेवटची दहा पडदा बंद करून. या शेवटच्या दहा मिनिटांवर मी कधी सूट देत नाही.

गेमच्या पंधरा मिनिटांत वेग कमी करायची सोय जरूर वापरा, ती जवळजवळ सगळ्यांत असते. गाणं निम्म्या वेगावर आणा. अडतंय तेवढाच तुकडा फिरवत ठेवा. लागोपाठ तीन वेळा बिनचूक आला की वेग पाच टक्क्यांनी वाढवा. चौथ्यांदा चुकला तर पुन्हा खाली या. कंटाळवाणं आहे खरं. पण पूर्ण वेगात चुकत चुकत वाजवलं तर हाताला चूकच पाठ होते, आणि ती काढायला दुप्पट दिवस जातात.

कॉर्ड बदलायला अडचण येत असेल तर मिनिटभराचा डाव खेळा. ई मायनरवरून जी, जीवरून ई मायनर, मिनिटात किती वेळा बदलता ते मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सुरुवातीला पंधरा-वीस होतात. साठला पोचलं की मी पुढची जोडी देतो. कॅलेंडरवरचे ते आकडे बघून घरातल्या लहान भावंडांनाही चेव येतो, आणि मग गिटारसाठी भांडणं सुरू होतात. त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

बोटं फार दुखतात.

दोन-चार आठवडे दुखतात, मग टोकांची कातडी घट्ट होते. फोड आला तर एक-दोन दिवस थांबा. भांडी घासून किंवा आंघोळ करून ओल्या बोटांनी बसू नका, मऊ पडलेली कातडी लवकर सोलते. पण मनगट किंवा कोपर दुखत असेल तर ते वेगळं. तिथं जिद्द कामाची नाही, तुमची बसायची पद्धत चुकतेय. अंगठ्यानं नेक आवळून धरताय का, ते आधी बघा.

या गेममध्ये मराठी गाणी असतात का?

फार कमी. गाण्यांचे हक्क विकत घ्यावे लागतात आणि ही ॲप बहुतेक इंग्रजी गाण्यांभोवती बांधलेली आहेत. पण धडे ज्या गोष्टींवर उभे आहेत त्या आपल्याला परक्या नाहीत. गेम ज्याला मेजर पेंटाटोनिक म्हणतो ते पाच सूर म्हणजे सा, रे, ग, प, ध. भूप रागाचे सूर. मायनर पेंटाटोनिकचे सूर आपल्या धानी रागाचे आहेत.

आत्ताच गिटार घ्या आणि करून बघा. पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट दाबा, हा सा. चौथी तार मोकळी, हा रे. चौथ्याच तारेवर दुसरा फ्रेट, ग. तिसरी तार मोकळी, प. तिसरीवर दुसरा फ्रेट, ध. दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट, वरचा सा. उलट खाली या. पांढरी एकमधला भूप झाला. शाळेत किंवा देवळात ऐकलेली भूपातली एखादी ओळ आता तुमची तुम्ही शोधून काढा. त्याला स्टार मिळणार नाहीत, पण मी शिकवलेल्या मुलांत जी टिकली, ती बहुतेक याच दिवशी टिकली.

मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आंदोलन (सूर हलका झुलवणं) वगैरे फ्रेटच्या गिटारवर मर्यादितच येतं आणि गेमला त्यातलं फारसं कळत नाही. ज्यांना तिकडंच जायचंय त्यांनी पंडित ब्रिजभूषण काब्रा किंवा पंडित विश्वमोहन भट्ट ऐकावेत. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून धातूचा रूळ सरकवायचा, ही वाट वेगळी आहे. तिथं मोबाइल नाही, गुरूच लागतो.

गावात रेंज नाही आणि लाईटचं काही खरं नसतं.

काही ॲपमध्ये धडे आधी उतरवून ठेवता येतात. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की उतरवून घ्या. जिथं ती सोय नाही, तिथं धड्याच्या टॅबचा (सहा रेघांवर फ्रेटचे आकडे लिहिलेल्या गिटारच्या लिपीचा) फोटो काढून ठेवा. टॅब वाचताना एक लक्षात असू द्या, सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात पातळ तार. पहिल्यांदा सगळ्यांनाच हे उलटं वाटतं.

लाईट गेली तर अकॉस्टिक गिटारला काही फरक पडत नाही. उलट ती शेवटची दहा मिनिटं आपोआप होतात.

पैसे किती जातात? फुकटात भागतं का?

सहा महिने तरी फुकटात भागतं. कानाचे खेळ फुकट आहेत, जस्टिनगिटारच्या साइटवर सुरुवातीपासूनचे धडे फुकट आहेत, ट्यूनर फुकट आहे. वर्गणीच्या ॲपमध्ये फुकटात थोडंच मिळतं, पण हे आपल्याला झेपतंय का, ते बघायला तेवढं पुरतं.

वर्गणी घेतलीतच तर सावध राहा. "सात दिवस फ्री" म्हणताना ॲप तुमच्याकडून ऑटोपेची परवानगी घेतं आणि आठव्या दिवशी बहुतेकदा एकदम वर्षाचे पैसे कापले जातात. मोबाइलमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होते, असा आपल्याकडं मोठा गैरसमज आहे. होत नाही. प्ले स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन ती रद्द करावी लागते, आणि तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत ती दिसते का, तेही बघा. पैसे कापायच्या आधी बँकेकडून मेसेज येतो. तो आपण वाचत नाही, कारण त्या दिवशी लोनचे पंधरा मेसेज आलेले असतात. मी तर फ्री ट्रायल घेतली की त्याच मिनिटाला रद्द करतो. मुदत संपेपर्यंत ती बहुधा चालूच राहते.

मुलगी सहा वर्षांची आहे. सुरू करू?

गिटार मोठी पडेल. हात नेकभोवती पोचत नाही म्हणून मुलं खांदा वर काढून बसतात आणि तीच सवय लागते. एक तर लहान आकाराची गिटार घ्या, नाहीतर दोन वर्षं युकुलेले. चार नायलॉनच्या तारा, हलकं, आणि त्याचेही धडे या ॲपमध्ये सापडतात. गेम मात्र शेजारी बसून खेळा.

मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६१. गेम वगैरे शोभतं का?

सर, तुम्ही आयुष्यभर मुलांना खेळातून शिकवलंत, आता स्वतःवर प्रयोग करा. माझ्याकडं एक निवृत्त तलाठी येतात, गेममध्ये हरले की मोबाइललाच नोटीस काढीन म्हणतात. वेग कमी ठेवा, अक्षरं मोठी करा, नायलॉनच्या तारा घ्या. मोठ्या माणसांची बोटं हळू चालतात, पण ती शेवटची दहा मिनिटं चुकवत नाहीत. लयीच्या बाबतीत तर, ज्यांनी आयुष्यभर भजनात टाळ धरलाय त्यांना गेमला काही शिकवायचं उरत नाही.

उन्हाळ्यात गिटार कुठं ठेवू?

पत्र्याखाली नको, गच्चीच्या खोलीत नको, उन्हातल्या गाडीत तर अजिबात नको. तापल्यावर ब्रिजचा (तारा अडकवायच्या खालच्या लाकडी पट्टीचा) गोंद सुटतो. आपला उन्हाळा कोरडा. लाकूड आकसतं आणि फ्रेटच्या पट्ट्यांची टोकं नेकच्या कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. साबणाच्या जुन्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून पिळलेला स्पंज ठेवा आणि ती डबी गिटारच्या केसमध्ये ठेवून झाकण लावा. पाण्याचा थेंब लाकडाला लागता कामा नये. चार दिवसांनी स्पंज पुन्हा ओला करा. पावसाळ्यात डबी काढून टाका, तेव्हा उलटं होतं, लाकूड फुगतं आणि तारा उंच होतात. घामाच्या हातांनी वाजवल्यावर तारा सुती कापडानं पुसल्या तर जास्त टिकतात.

गेमचा स्कोअर परीक्षेला धरतात का?

नाही. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षांना त्यांचाच अभ्यासक्रम वाजवून दाखवावा लागतो. गेमचा उपयोग तयारीपुरता.

भजनी मंडळात गिटार घेऊन बसलं तर चालेल का? हसतील ना?

पहिल्या दिवशी हसतील. आमच्या मंडळात मी पहिल्यांदा गिटार घेऊन गेलो तेव्हा एकानं विचारलं, "ह्याला चार्जर कुठं लावायचा?" मामांनीच पसरवलं होतं, दुसरं कोण.

तरी जा. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ, तेरचे गोरोबाकाका, सगळे आपल्या मातीतले. त्यांचे अभंग जिथं रोज गायले जातात, तिथं फुकटात साथीचा सराव मिळतो. गेममध्ये गाणं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून लावता येतं. मंडळ थांबत नाही. तुमची कॉर्ड हुकली तरी अभंग पुढं गेलेला असतो आणि तुम्हाला पळत जाऊन त्याला गाठायचं असतं. पुढची ओळ डोक्यात असावी लागते. मांडवात मला हेच आलं नव्हतं.

जाताना कापो न्या, म्हणजे नेकवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. गायक काळी एकमध्ये गात असतील तर कापो चौथ्या फ्रेटवर लावा आणि ए, डी, ई याच सोप्या कॉर्ड धरा. पांढरी एक असेल तर तिसऱ्या फ्रेटवर. सगळेच अभंग या तीन कॉर्डमध्ये बसत नाहीत. बसत नसेल तिथं हात तारांवर ठेवून गप्प राहा. भजनी ठेका आठ मात्रांचा. सुरुवातीला समेवर (पहिल्या मात्रेवर) एक आणि पाचव्या मात्रेवर एक, एवढेच दोन हात मारा. आमच्या पखवाजवाल्या अप्पांनी मला पहिल्या एकादशीला तेवढीच परवानगी दिली होती : "समेला वाज, बाकी ऐक." दुसऱ्या महिन्यात त्यांनी मानेनंच खूण केली, वाढव म्हणून.

आणि तारा लावायला मोबाइल नेणार असाल तर आधी तो सायलेंटवर टाका. गजर ऐन रंगात आलेला असताना माझ्या खिशातल्या ॲपनं "आज सराव राहिला आहे" म्हणून घंटी वाजवली होती.